ओतिया कुठे उभा आहे

स्टुडिओ पावाच्या भट्टीखाली आहे.
पहाटे चारला वर दारेजान कणीक आपटू लागते
आणि माझ्या माइकांना ते आधी कळतं,
म्हणून तिबिलिसीत मी रात्रीचीच जागी असते.

वाझा आणि जुम्बेर गुरियाहून आले,
मिनीबसमधून सहा तास, मांडीवर चीजचं गाठोडं.
दोघं गायले. दोन सूर.
मध्ये नाही, कडेला, हातभर जागा
त्यांनी न बोलता मोकळी सोडली होती.
मग वाझाने खिशातून कॅसेट काढली,
रबरबँड लावलेली.

ओतिया. धाकटा.
वरचा सूर, कोंबड्याच्या आरवासारखा तुटणारा
आणि तुटल्या जागीच सांधणारा.
पुतण्याला शिकवायला एकट्यानेच म्हटलेला,
काकूच्या स्वयंपाकघरात, अठ्ठ्याऐंशी साली,
एकाच माइकवर.
मागे कुणीतरी मका सोलतंय.

मी माझं नेहमीचं केलं.
तिघांनाही एका मोठ्या दालनात नेलं:
स्टीरिओ रिव्हर्ब, अडीच सेकंदांचा,
एक भिंत या कानापलीकडे, दुसरी त्या.
वाझाचा खर्ज जमिनीवर पसरला.
छान झालं होतं. कुणीही पैसे मोजले असते.

वाझाने हेडफोन काढले.
"सुंदर," म्हणाला,
आणि बराच वेळ नखाने टेबलाचा टवका काढत बसला.
"पण ओतिया कुठे उभा आहे?"

मी पडद्यावर बोट ठेवलं. हा इथे. डावीकडे.

"हे तू सांगतेस. मला तो सगळीकडे ऐकू येतो.
सगळीकडे आहे असं, मुली,
त्याला पुरताना पाद्रीही म्हणाला होता."

पुन्हा ऐकलं. म्हातारा खरं बोलत होता.
आवाज डावीकडेच होता, पण त्याचा घुमारा
मी दोन्ही कानांत सारखा वाटून टाकला होता,
खिरापत वाटावी तसा.

मग मोनो घेतला. स्प्रिंगचा जुना डबा,
लाथ बसली की गडगडतो.
पाऊण सेकंद, जास्त नाही.
ओतिया जिथे, तिथेच त्याचा घुमारा,
पॅनचे दोन्ही काटे एकाच खुणेवर.
रुंदी गेली.
पण आवाजाला पाठ आली,
पाठीशी भिंत आली, टेकता येईल इतकी जवळ,
आणि त्या भिंतीवर एखादी कढई असणार
असं मला उगाच वाटलं.

भाऊ मात्र दालनातच राहिले.
एका गाण्यात दोन खोल्या!
माझ्या गुरूने कान उपटला असता.
मी फक्त मधलं दार किलकिलं ठेवलं:
मोनोतला चमचाभर स्टीरिओत सोडला.

जुम्बेर दोन दिवस गाण्याखेरीज तोंड उघडून बोलला नव्हता.
तो उठला, डाव्या स्पीकरशी गेला
आणि हातभर अंतर ठेवून उभा राहिला.
घुमारा पुरता विरेपर्यंत हलला नाही.
"त्याचा उजवा कान गेलेला होता," म्हणाला.
"म्हणून आम्ही नेहमी त्याच्या डाव्या हाताला.
म्हणजे ऐकणाऱ्यांच्या डावीकडे तो.
तुला कुणी सांगितलं?"

कुणी नाही.
डावीकडे जागा रिकामी होती, एवढंच.
मी ते बोलले नाही. चीजचा तुकडा तोंडात टाकला.

चार वाजता आम्ही तिघं वर गेलो.
दारेजानच्या पिठाळ रेडिओला एकच स्पीकर आहे,
त्यावर लावून पाहिलं, नेहमी पाहते तसं.
दालन कोसळलं. दोन भिंतींनी
एकमेकींना अर्धं खाऊन टाकलं.
वाझा आणि जुम्बेर बारीक होत होत
सरकले, सरकले,
आणि ओतियाच्या स्वयंपाकघरात येऊन थांबले.
तो होता तिथेच होता.

वाझा काही बोलला नाही. टोपी काढून हातात धरली.

दारेजानने भट्टीत वाकून एक पाव सोडवला,
कान रेडिओकडे.
"गाणं बरंय," म्हणाली,
"पण मका कोण सोलतंय?"